वांगी लोळतील एवढा खड्डा

अगं, फोन जरा कानाशी धर आणि मावशीचं ऐक. दिवाळीला येते म्हणालीस, आता संक्रांत आली! तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

धुळ्याच्या घरामागच्या अंगणात मी शेकोटीची जागा करून घेतली. आराखडा काढायला जळगावहून एक मुलगी आली, केसांत पेन्सिल खोचलेली. आल्या आल्या चपला काढून मातीतच बसली. मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसली, ओढणीचं टोक वर धरून वारा बघत. म्हटलं, "बाई, खुर्ची देऊ का?" तर म्हणे, "अक्का, बसल्याशिवाय अंगण कळत नाही."

तिनं कागदावर गोल खड्डा काढला, आत शोभेचे पांढरे गोटे. मी म्हटलं, "गोटे काढ आधी! भरताची वांगी कुठे भाजू? कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळात ती लोळली पाहिजेत." ती इतकी हसली की पेन्सिल पडली.

मग तिनं विचारलं, "बसणार किती जण?"

"मी एकटीच. एक ओटा पुरे."

तिनं पेन्सिल उचलली. "एकटीपुरतं वांगं गॅसवरही भाजतं, अक्का. मग खड्डा कशाला खणायचा?" आणि मला न विचारता भोवती पूर्ण गोल ओटा काढला.

तो आता बांधून झालाय. रोज संध्याकाळी मी जागा बदलून बसते, तरी गोल काही भरत नाही. पऱ्हाट्या वाळून तयार आहेत. थंडी आहे तोवर ये गं, पोरंसोरं बठ्ठी, सगळी घेऊन ये.