दांडा बसेना

घाटाच्या उतारावर, आतल्या वळणात गाडीचं मागचं अंग उडालं आणि रस्ता सोडून कठड्याकडे सरकू लागलं. दातवालीनं स्टिअरिंग घट्ट आवळलं. शेजारी बसलेल्या बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"आवर! आवर!"

तिनं ब्रेकवरचा पाय सोडला, स्टिअरिंग हलकेच उलटं दिलं. हातभर अंतरावरून कठडा मागे गेला आणि गाडी पुन्हा रेषेत आली. पुढे मोकळी जागा दिसल्यावर तिनं ती बाजूला घेतली. बाबांच्या कपाळावर घाम डवरला होता.

"विकून टाक ही ब्याद," ते म्हणाले. "कितीदा सांगू?"

ती दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवायची, म्हणून सगळे तिला दातवाली म्हणत. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात तिची लॅब होती. तिथे जायचं, बाबांना हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचं, भाजी आणायची, सगळं याच गाडीनं. दिसायला गाडी लहानशी, पण पाय दाबला की टर्बो शिट्टी मारायचा आणि पाठ सीटला चिकटायची. एरवी शांत असणारी ही बाई मोकळा रस्ता दिसला की गालातल्या गालात हसायची. गाडी मूळची तिच्या दादाची. परगावी नोकरीला जाताना त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली होती आणि तिनं ती आभार न मानता घेतली होती.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी बाबा जिन्यावरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. जिन्याचा कठडा सुटला होता, आणि तो बसवायचं काम दादाकडे होतं. "या रविवारी करतो" म्हणत त्याचे कितीतरी रविवार उलटले. बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती बाहेरगावाहून धावत आली आणि तिथल्या व्हरांड्यात, चार लोकांदेखत, दादाला म्हणाली, "दोन स्क्रू पिळायचे होते तुला. दोन स्क्रू!" दादा मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासून दोघांचं बोलणं फोनवरच्या "हो" आणि "बरं"पुरतं उरलं. आत्या तर त्याला तोंडावर करंटा म्हणायची.

घाटातल्या प्रसंगानंतर दातवालीनं गाडी वस्तादांच्या गॅरेजला नेली. वस्तादांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन हात काढला. गाडी तीन-चारदा वरखाली डुलली.

"ताई, हे धक्के झेलणारे शॉकअप नाहीत, सायकलचे पंप आहेत. यावर तुम्ही घाट उतरता?"

"मग एकदम कडक टाका. रेसवाले टाकतात तसले."

"टाकतो की. मग रस्त्यातला प्रत्येक खडा बाबांच्या कमरेत मोजून घ्या." वस्ताद हसले आणि लगेच गंभीर झाले. "कडक म्हणजे पकड, हा गैरसमज आहे. खड्ड्यावर चाक उडालं की पकड गेली. रोज चालवायच्या गाडीला शॉकअप मध्यम हवेत, कमी-जास्त करता येणारे. कडक करायची ती चासी, गाडीचा सांगाडा. अंग पिळवटलं नाही तर चाकं आपलं काम नीट करतात."

त्यासाठी त्यांनी एक आडवा दांडा मागवायला सांगितला. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना शॉकअपची डोकी जिथे बसतात, त्या दोन जागा एकमेकींना बांधणारा.

बाबा काठी टेकून ऐकत होते. "शॉकअप बदला," ते म्हणाले. "दांडा-बिंडा नको. उगाच हात दाखवून अवलक्षण."

"अहो बाबा, चार नट तर आवळायचेत."

"नको म्हटलं ना!"

त्यांचा आवाज इतका चढला की पलीकडे टायर बदलणाऱ्यानंही वळून पाहिलं. दातवालीला वाटलं, घाटातली भीती अजून उतरली नसेल.

सामान आलं त्या दिवशी बाबा हट्टानं सोबत आले आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत चारही शॉकअप चढले. वस्ताद एक चक्कर मारून आले, पण त्यांचा चेहरा काही खुलला नव्हता.

"डुलणं गेलं. पण जोरात ब्रेक मारला की अजून डावीकडे ओढतेय."

"ते पहिल्यापासून आहे. अलाइनमेंटवाला म्हणतो, डावं चाक पूर्ण मापात येतच नाही."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

त्यांनी दांडा उचलून जागेवर ठेवला. उजवीकडची भोकं बरोबर बसली. डावीकडची बसेनात. बोल्ट आणि भोक यांच्यात नखभर फरक पडत होता. वस्तादांनी दांडा काढला, फिरवून पाहिला, पुन्हा ठेवला. फरक तेवढाच.

"भोक जरा कानशीनं ओढून घेऊ? बसेल मग."

दातवाली पुढे झाली. कॅप दातावर बसली नाही की कॅप घासत सुटायचं नाही, आधी माप तपासायचं, हे तिच्या हातात मुरलेलं होतं. "दांड्याचं माप चुकलंय का?"

वस्तादांनी दांड्याला टेप लावला. "दांडा बरोबर आहे."

"मग गाडी चुकलीय."

वस्तादांनी गाडी लिफ्टवर उंच घेतली आणि खालून आडवीतिडवी मापं घेतली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा आखूड निघाला. मग टॉर्च घेऊन ते डाव्या बाजूच्या पोलादाजवळ गेले. तिथे गंज धरू नये म्हणून देतात तो काळा थर जरा जास्तच जाड होता. खरवडल्यावर आतून ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, आणि त्याच्या कडेला केसासारखी बारीक चीर.

"ताई, ही गाडी कुठेतरी जबरदस्त आदळलीय. वरवर ओढून ठिगळ लावलंय." त्यांनी चिरेवर बोट ठेवलं. "आणि ठिगळ आता सुटायला लागलंय."

दातवालीनं खुर्चीतल्या बाबांकडे पाहिलं. याच गाडीत रोज ती बाबांना बसवत होती. मग डोक्यात तिडीक गेली. "दादानं ठोकली! ठोकून, रंगवून माझ्या गळ्यात मारली! एका शब्दानं बोलला नाही!" तिनं पर्समधून फोन काढला. "आता त्याला दाखवते."

"थांब," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठायला धडपडत होते. काठी घसरून खाली पडली. ती उचलायला कुणी धावलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सगळे जागच्या जागी थिजले होते.

"त्यानं नाही ठोकली. मी ठोकली."

"काय?"

"तू बाहेरगावी होतीस. डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. तो अंघोळीला गेला तेव्हा मी किल्ली घेतली. म्हटलं, एकदा बघू या पोराची गाडी पळते कशी. पुलाचा खांब मला दिसलाच नाही."

"आणि जिना?"

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. "जिन्यावरून मी कधी पडलोच नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं होतं. तुला सांगायची लाज वाटली. कठडा सुटलेलाच होता, तोंडात तेच आलं."

"आणि तो इतकी वर्षं..."

"मूग गिळून बसला. मी बसू दिलं."

दातवाली वळली आणि गॅरेजच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली. तिनं दादाला फोन लावला.

"बोल," दादाचा नेहमीचा सावध आवाज आला.

"पुलाच्या खांबाचं कळलं मला."

"बाबा ठीक आहेत ना? ओरडू नकोस त्यांना."

तेव्हा तिचा बांध फुटला. "तू बोलला का नाहीस? मी तुला काय काय ऐकवलं!"

"त्यांनी तुला आधीच जिन्याचं सांगून टाकलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते तिथे, पडल्या पडल्या, खोटे ठरले असते. आणि कठडा मी खरंच बसवला नव्हता." मग तो घाईनं म्हणाला, "पण गाडीचं मला वाटलं होतं नीट झालीय. देवाशप्पथ. दुरुस्त करणाऱ्यानं नव्यासारखी झाली म्हणून सांगितलं. नाहीतर तुला दिली असती का?"

"मला माफ कर," ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला नाही.

गाडी वस्तादांच्या ओळखीच्या बॉडीवाल्याकडे गेली. त्यानं ठिगळ कापून काढलं, अंग बेंचवर बांधून मापात ओढलं आणि तिथे नवा तुकडा जोडला. तोवर दातवाली बसनं जायची. घरात ती बाबांचे व्यायाम नेमानं करून घ्यायची, गोळ्या द्यायची, पण गरजेपलीकडे बोलायची नाही. बाबाही समोर आलेलं मुकाट खायचे. एकदा ते म्हणाले, "एकदाची शिव्या तरी दे." ती म्हणाली, "पाय सरळ करा."

गाडी परत आली तेव्हा वस्तादांनी तिच्यादेखत दांडा ठेवला. चारही बोल्ट बोटांनीच आत फिरले. शॉकअप त्यांनी मऊ बाजूला लावून दिले, आणि घाटात एकटीनं जाऊन बघा म्हणाले. ती गेली. प्रत्येक वळण यायच्या आत तिचा पाय ब्रेकवर जात होता. गाडी मात्र सरळ ब्रेक घेत होती, खड्डे गिळत होती. वर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि दार उघडून नुसती बसून राहिली. हसू काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादा आला. ती त्याला घ्यायला गेली होती. वाटेत दोघं रस्त्यातल्या गर्दीवर बोलले, गाडीच्या अॅव्हरेजवर बोलले. जेवण झाल्यावर बाबांनी फोन मागितला आणि आत्याचा नंबर लावायला सांगितलं.

"आज नको," दादा म्हणाला.

"लाव."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी आत्याचा वाढत जाणारा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाबांनी सगळं सांगितलं. किल्ली, डोळे, खांब, जिना. "नाही, त्याचं काही चुकलं नाही," ते म्हणत राहिले. "करंटा मी." पलीकडून फोन आदळल्यासारखा बंद झाला.

बाबांनी फोन खाली ठेवला. दादा उठला, पाण्याचं भांडं घेऊन आला आणि ते त्यांच्या हातात नीट बसेपर्यंत खालून आपला हात लावून उभा राहिला. दातवालीनं सरकून त्याला बाबांच्या शेजारी जागा करून दिली.