काळ्या रंगाखालचे पट्टे

आमच्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. हे सांगितलं की लोक हसायचे आणि लोक हसले की बाबांना चेव यायचा. ती छोटी इंग्लिश गाडी त्यांनी देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली होती. प्रत्येक चाकापाशी रबराचं पोट असलेला एक लोखंडी डबा, त्यात पाणी आणि स्पिरिटचं मिश्रण आणि पुढच्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत नळी. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की आतलं पाणी मागे पळतं, गाडीची मागची बाजूही उचलली जाते आणि धक्का अंगाला लागत नाही, हे बाबा पाहुण्यांना चहा गार होईपर्यंत समजावत. मला त्या गाडीचा राग होता. तिच्याकडे देता त्याच्या निम्मं लक्ष घरात द्या, असं मी त्यांना तोंडावर ऐकवलं होतं.

मग आईचा आजार मणक्यात उतरला आणि माझं तोंड बंद झालं. कॅन्सर हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नसे, नुसतं 'मणका' म्हणायचे. रिक्षात ती कळवळायची. ॲम्ब्युलन्स म्हणून आलेल्या मॅटाडोरमध्ये तर अशी किंचाळली होती की ड्रायव्हरच घाबरला. बाबांच्या गाडीत मात्र मागच्या सीटवर आडवी होऊन, डोकं माझ्या मांडीवर ठेवून, ती दवाखान्यात जाऊन यायची. कधी कधी वाटेत तिला डुलकीही लागायची. बाबा आरशातून ते बघत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. थंडीतल्या एका सकाळी गाडी डाव्या अंगाला बसलेली दिसली. खाली पाण्याचं थारोळं. पुढचा डावा डबा फुटला होता.

आणि त्याच आठवड्यात आईनं सायखेड्याला न्या म्हणून धरलं होतं. तिथे तिची थोरली बहीण होती, आईला लहानाचं मोठं केलेली. आम्ही तिला अक्काच म्हणायचो. अक्काचे डोळे गेले होते, खुबा मोडला होता, ती काही नाशकाला येऊ शकत नव्हती. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

माळ्यावर जुने डबे होते. बाबांनी मुंबईच्या भंगारबाजारातून वेळोवेळी आणून ठेवलेले. अडचण अशी की पुढचा आणि मागचा डबा दिसायला सारखा, आतली झडप तेवढी वेगळी; चुकीचा बसला तर गाडी कडक होऊन धक्के थेट अंगाला लागायचे. ओळखायचा तो अंगावर मारलेल्या रंगीत पट्ट्यांवरून. कुठला पट्टा पुढचा, कुठला मागचा, हे बाबांना पाठ होतं. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला होता. चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी, बाद मालाला लाल, हेच त्यांचं काम.

पण आमच्याकडे दसऱ्याला नुसती गाडी धुऊन आणि हार घालून भागत नसे. माळ्यावरचं सगळं खाली उतरायचं. पाने, जॅक, सुटे भाग. गंजलेली वस्तू देवापुढे मांडायची नाही, असा बाबांच्या वडिलांचा दंडक होता, म्हणून आदल्या दिवशी झाडून सगळ्याला ब्लॅक जपान या काळ्या रंगाचा हात मारला जायचा. मग गंध, अक्षता, झेंडूचं फूल आणि पुन्हा माळा. दरवर्षी एक थर. डबे असे तुकतुकीत काळे झाले होते की बघत राहावं.

बाबा ओसरीत थिनर आणि चिंध्या घेऊन बसले. काळा निघायचा आणि त्याच्याबरोबर खालचं जे काही होतं तेही निघायचं. चिंधीवर एकच चिखल. एका डब्यावर त्यांना पुसटशी रेघ दिसली. मला ती गंजाची वाटली. "हाच," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नक्की दिसतंय का?" त्यांनी तो डबा उचलून बाजूला ठेवला.

मेकॅनिकनं तो बसवला आणि द्राक्षबागेतल्या फवारणीच्या पंपानं आत पाणी भरलं. गाडी हळूहळू वर आली, चारी बाजूंनी सारखी उभी राहिली. "साहेब, लेव्हल झाली," तो म्हणाला. "पण ह्यो पुढचाच हाय का, ते मी नाय सांगू शकत."

"पुढचाच आहे," बाबा म्हणाले.

नव्हता. आडगाव ओलांडायच्या आधीच मला कळलं. पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलेला, आणि प्रत्येक खड्डा खाडकन खालून वर येत होता. आईनं पदराचा बोळा करून तोंडात घातला. मी बाबांना हाक मारणार तर तिनं माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

"लागतंय का गं?" बाबांनी पुढून विचारलं.

तिनं बोळा काढला. "नाही हो. छान चाललीय." आणि परत घातला.

स्टिअरिंग तर त्यांच्याच हातात होतं. तो कडकपणा त्यांना जाणवत नव्हता, हे मी आजही मानायला तयार नाही. पण त्यांना ते 'छान' हवं होतं, आणि ती ते देत राहिली. मला दोघांचाही संताप आला. त्या वेळी रडूसुद्धा आलं नाही इतका.

सायखेड्यात अक्काच्या खाटेशेजारीच आईला निजवलं. अक्का हातांनीच बघायची. तिनं आईचं तोंड चाचपलं, गळा, खांदे. "लय वाळली गं बाई तू." मग हात पदरावर आला आणि थांबला. "हा पदर वला कशानं? अन् चावलाय कुणी?"

"पाणी सांडलं," आई म्हणाली.

बाबा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. तांब्या खाली ठेवून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर त्यांनी आईला गाडीत बसवलं नाही. दुसऱ्या कशातूनही नेणं शक्य नव्हतं. मुक्काम लांबत गेला. ओळखीचा डॉक्टर, इंजेक्शनं, तिची खाट, सगळं नाशकात आणि ती कांद्याच्या चाळीमागच्या त्या खोलीत. बाबा रोज सकाळी गाडीनं पिंपळगावला जाऊन तिच्यासाठी गोळ्या आणत. त्या पुरत नव्हत्या. अक्का अंधारात तिचा हात धरून बसायची.

शेवटी शेवटी आईला घर आठवायला लागलं. "अहो, न्या ना मला. आपल्या घरी."

"गाडी बंद पडलीय गं," बाबा म्हणाले. "पार्ट मिळाला की निघू."

"बरं," आई म्हणाली आणि कुशीवर वळवून घ्यायला मला खूण केली.

त्याच सकाळी बाबांनी तिच्या खिडकीखालीच गाडी सुरू केली होती. आई जागी होती. तिनंच आतून ओरडून सांगितलं होतं, "सावकाश जा हो."