आर्विडच्या सदऱ्याचा तुकडा

विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या आमच्या शिकारीच्या खोपटात एक जुना नियम आहे. हरणावरचा ज्याचा नेम चुकेल, त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं. कात्री चालवायचा मान आर्विड टोलेफसनचा, कारण तो कधी चुकला नव्हता आणि हे आम्हाला विसरूही देत नव्हता.

यंदा त्याने दुकानातली सगळ्यात स्वस्त, प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल आणली. "बंदुकीत काय आहे? हात लागतो, हात!" म्हणत आमच्या महागड्या बंदुकांची त्याने यथेच्छ खिल्ली उडवली.

दुसऱ्या दिवशी समोर शांत उभं असलेलं हरीण त्याच्या गोळीनंतर शेपटी उडवत निघून गेलं. खोपटात येताच तो गुरगुरला, "प्लास्टिकचा दस्ता मेला! असल्या डबड्याने काय होणार?"

"काल तर हात लागत होता ना, भावजी?" त्याची मेव्हणी मार्लिस म्हणाली. "आणा इकडे."

तिने बाहेर मातीच्या ढिगाऱ्यावर कागदी ताटली टाचली, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि गोळी झाडली. ताटलीच्या बरोब्बर मध्यभागी भोक पडलं.

कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कान त्याच्या शिकारीच्या नारिंगी जाकिटाच्या रंगाचे झाले. त्याने सदरा बाहेर ओढून पाठ केली. मार्लिसने कात्री चालवली.

"अर्धा तुकडा मला दे," तो पुटपुटला.

उरलेला आम्ही भिंतीला ठोकला. आर्विड मात्र कोपऱ्यात बसून आपल्या वाट्याच्या तुकड्याने रायफल पुसत राहिला, ज्याच्यावर खोटा आळ घेतला त्या माणसाची माफी मागावी तसा.