माहेरची पाकोळी

धान्यातून पाकोळी उडाली की माझ्या सुना ती टाळीत चिरडतात. मी त्यांच्यावर डाफरते. एवढीशी ती, बाजरीच्या चार दाण्यांएवढी. रंग सुक्या गवताचा, पंखांच्या कडेला केसांची बारीक झालर. भिंतीवर बसली की अशी अंग चोरते, की काडीचा तुकडाच वाटावा. आज ती आमच्या भाताच्या कणगीतही सापडते. पूर्वी या घरात ती नव्हती. तिला मीच आणलं.

मी पिंपळवंडीची. लग्न होऊन आंबेगावकडे, पार डोंगराच्या कुशीत आले. इकडे भात आणि नाचणी. बाजरीची भाकरी दृष्टीस पडेना आणि मला घास गोड लागेना. ते कानावर गेलं तसे वडील पायलीभर बाजरी खांद्यावर टाकून आले. मोटारी तेव्हा नव्हत्या, सगळी वाट ते चालत आले.

मी ती दळलीच नाही. दळली की संपली, एवढंच मला कळत होतं. उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवली. दुपारी सासूबाई शेतावर गेल्या की मी उतरंड उतरवायचे, मडक्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि डोळे मिटायचे. दाणे गार लागायचे. मग आमचं खळं दिसायचं, वाऱ्याची वाट बघत उभे असलेले वडील दिसायचे. किती वेळ गेला ते कळायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंनी ते मडकं उघडलं आणि पाकोळ्याच पाकोळ्या. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात त्या सावकाश वर जात राहिल्या, सोनेरी, आवाज न करता. मी वेड्यासारखी बघत राहिले. माझं अख्खं माहेर उठून चाललं होतं.

सासूबाईंनी मडकं कोंबड्यांपुढे ओतायला उचललं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अडवलं. म्हणाले, "नका टाकू, आत्याबाई. मग माझं हितं काय ऱ्हातं?"

त्या थांबल्या. आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी सूप ओढलं आणि पाखडायला बसल्या. पोकळ दाणे उडून गेले. दोन ओंजळी उरल्या.

"मी पन माझ्या बाची जवारी अशीच ठेवली व्हती," त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या. "समदी बुरशीनं गेली. एक भाकर नाय झाली. चल, जात्याला हात लाव."

आम्ही दोघींनी दळलं. भाकरी जराशी कडवटच झाली. पहिली मोडून त्यांनी अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. आम्ही ती पुरवून पुरवून खाल्ली.