रस्त्याच्या कडेचा जपान

मी बी.ए. होऊन गावी परतलो, तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नव्हती. वडिलांनी बैल विकून मला ब्रह्मपुरीला शिकवलं होतं. त्यांचे उपकार फेडायची मला फार घाई झाली होती.

एकोणीसशे पन्नासचं दशक होतं. आपला देश तांदूळ बाहेरून आणत होता, आणि जपानी पद्धतीने धान लावा, असं सरकार सांगत होतं. मी पारावर उभा राहून दोन्ही देशांची तुलना केली. जपानी शेतकरी तेवढ्याच जमिनीत आपल्याहून किती तरी जास्त धान काढतो, असं सांगितलं.

"मंग त्याइले पुरून उरत असन," एक म्हातारे भाऊ म्हणाले.

"नाही. तेही बाहेरून घेतात," मी खरं ते सांगितलं.

"घ्या! सोताले पुरत नाई, अन् आमाले शिकवून राह्यले!"

सभा हसत उठली. वडील तेवढे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याकाठची आमची सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, मला देऊन टाकली.

बांधीच्या मधोमध बांध घातला. एका बाजूला ग्रामसेवकांनी दोरी धरून रोपं ओळीत लावून घेतली. दुसऱ्या बाजूला बायांनी गाणी म्हणत नेहमीसारखा रोवणा, म्हणजे धानाची लावणी केली. चार दिवसांत गावाने नावं पाडली: ओळींचा तो जपान, दुसरा हिंदुस्थान. 'हिंदुस्थानात खेकड्यानं भोक पाडलं', 'भाऊ, तुमचा गोऱ्हा जपानात चरून राह्यला', अशा बातम्या घरी येऊ लागल्या.

आईला दोन्ही देशांशी कर्तव्य नव्हतं. त्या बांधीचं धान म्हणजे आमचं वर्षाचं खाणं. ते ज्येष्ठात संपे. मग मामाकडे निरोप जाई आणि तांदळाबरोबर मामीचा प्रश्न येई, "यंदाबी?"

"बाबू, मले बाकी काई समजत नाई," आई म्हणाली. "तुह्या जपाननं यंदा वहिनीचं तोंड बंद केलं पायजे."

जपान जिंकला. धानाची ढोली गळ्यापर्यंत भरली. वडील येता-जाता तिच्यावर थाप मारत.

मग पाहुणे सुरू झाले. धान कापून झालं होतं, तरी ओळीत उभे राहिलेले बुडखे पाहायला लोक येत. थेट धानोऱ्याकडून बैलबंड्या जुंपून येत. आमच्याकडे दारी आलेला माणूस भात खाल्ल्याशिवाय जात नाही, आणि एकदाच भात घेतला तर घरधनिणीचा अपमान होतो. मी ओसरीवर जपान समजावून सांगायचो आणि आत आई पेज निथळायची. व्याख्यान रंगलं की पाहुणे मुक्काम करत. काही जण तर पहिल्यांदा नीट समजलं नाही म्हणून पुन्हा आले, आणि भावाला घेऊन आले.

चैत्रातच ढोलीचा तळ दिसला. निरोप मामाकडे गेला. तांदूळ आले, पण मामीने प्रश्न बदलला होता, "यंदा लवकर?"

 त्या दिवशी मी दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली. रात्री जेवताना वडिलांनी आईला हळूच विचारलं, "मंग, जपान बंद करावा म्हणतं का?"

"जपान काऊन बंद करता? धान त बम झालं. जंगलाकडच्या बांधीत लावा. रस्त्यावर नोको."

"तिथी रानडुकरं येतात ना!"

"येऊ द्या. थे जेवाले घरी येत नाई."

तसंच केलं. डुकरांनी आपला वाटा खाल्ला. मुक्कामाला मात्र कोणी राहिलं नाही. पुढचा ज्येष्ठ गेला, आखाड लागला, तरी ढोलीत धान होतं; मामाकडे निरोप गेलाच नाही. शेवटी मामीचाच निरोप आला, "नणदबाईची तब्येत बरी हाय ना?"