संत्रा उडाला, हे ताईंनीच कबूल केलं

ॲड. कुसुमताई मेंढे यांची माझी पहिली भेट माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी धरून नेलं त्या दुपारची. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. पण संकट घरात शिरलं की कुठली कलमं आठवतात! त्यांच्या ऑफिसात शिरलो, तशी ताईंनी वर पाहिलं. "काहून थरथरून राहिला गा? जेवला का?" मी नाही म्हणालो, तर त्यांनी आपला डबा पुढे सरकवला. प्रकरण ऐकलं ते त्यानंतर.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. वांदरं पळवायला माझ्या या भावाने, प्रशांतने, प्लास्टिकच्या पाइपची नळी बनवली होती. आत कार्बाइड, थोडं पाणी, लायटरची ठिणगी, की धडाम! ती गाडीतच राहिली, तो मिहानच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीवर गेला आणि गेटवर तपासणीत सापडला. बिनपरवाना बंदूक बाळगल्याचा गुन्हा लागला. नोकरी गेल्यातच जमा होती, वरून तुरुंगाची धास्ती.

स्फोटाच्या किंवा इतर जोराने कुठलीही वस्तू फेकण्यासाठी बनवलेलं, किंवा तसं बदलून घेतलेलं हत्यार म्हणजे बंदूक, असं कायदा सांगतो. ताईंनी प्रशांतला जामिनावर सोडवलं आणि विचारलं, "तुही नळी काही फेकत तं नाही ना?" तो खाली पाहू लागला. "एकडाव गळालेला संत्रा टाकला होता जी. गंमत म्हणून. व्हिडिओ बी काढला." ताई कडाडल्या, "वा रे शहाण्या! तुयापेक्षा वांदर परवडलं!"

फोन पोलिसांच्या ताब्यात होता. व्हिडिओ दुसऱ्याच नळीचा म्हणून सांगा, असं काहींनी सुचवलं. ताईंनी त्यांना दाराबाहेर काढलं. कोर्टात त्या स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, "संत्रा उडाला, हे मान्य." मग त्यांनी मांडलं, की मुसळाने डोकं फुटू शकतं, म्हणून मुसळ शस्त्र ठरत नाही. वस्तू कशासाठी घडवली ते पाहायचं, आणि ही नळी घडवली नुसत्या आवाजासाठी. प्रशांत सुटला. आई पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला धरून आपल्याच खुर्चीत बसवलं.

तेव्हापासून मी ताईंच्याच ऑफिसात आहे. पक्षकारावर आवाज चढवलेला त्यांना खपत नाही. मी एकदा चढवला होता. त्यांनी मला त्या माणसासाठी चहा आणायला पाठवलं.

पण जीव अजून टांगणीलाच आहे. सरकारने अपील केलं आहे, आणि 'कुठलीही वस्तू' या शब्दांत संत्राही बसतो, असं वरच्या कोर्टाने म्हटलं तर? त्यात गेल्या महिन्यात ताईंना कोर्टाच्या पायऱ्यांवर चक्कर आली. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त सगळे तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील. मी म्हणतो, गोळ्या वेळेवर घ्या, जिना सावकाश चढा, अपील पुकारलं जाईल तेव्हा आमच्या बाजूने तुम्हीच उभ्या हव्यात. हे आईला वाचून दाखवलं, तर ती माझ्यावरच चिडली. "केसचं काय लिहून राहिला? आपण जिंकू नाही तं हरू. ताईले लिही, तुमी राहा म्हणजे झालं."