मागच्या गेटवरची बाई

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आले — मजेत, आणि एकावरही विश्वास न ठेवता. साताऱ्यात सत्तावीस वर्षं भूमिती शिकवली. सिद्धता मांडल्याशिवाय पोरांना कधी मार्क दिले नाहीत, तर भुतांना कुठून देणार! त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं जरा ओशाळवाणं वाटतंय... पण लिहिते.

घर बंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये, संपिगे रोडपासून चालत सात-आठ मिनिटांवर. शंभरी उलटलेलं. मंगलोरी कौलं, लाल गुळगुळीत जमीन, खिडक्यांवर लाकडी जाळीच्या टोकदार टोप्या. मागे मोठी बाग — म्हणजे एके काळची. मी आले तेव्हा नुसतं कमरेएवढं गवत होतं. मागच्या भिंतीत एक बुटकं लोखंडी गेट आहे, ते मागच्या बोळात उघडतं.

आमचे हे आयुष्यभर इथं, बंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात आणि मी साताऱ्याच्या शाळेत. सुट्टीपुरता संसार. निवृत्तीनंतर एकत्र राहायचं, जुनं घर घ्यायचं, ते आपल्या हातानं नीट करायचं असं आमचं ठरलेलं. घर घेतलं. मी आले. दुसऱ्याच महिन्यात हे गेले... तेव्हा अर्धी कौलं उतरवलेली होती.

मुलगी पुण्याला. "आई, ते विक आणि इकडे ये," असा तिचा रोज फोन. उघडं घर टाकून कसं जायचं म्हणून राहिले. पण खरं सांगते, फार एकटं वाटायचं. मला कन्नड येत नाही. शेजारी भले, पण आपापल्या व्यापात. संध्याकाळी फोन उचलला की आवाज घोगरा यायचा, तेव्हा लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. दिवाळीपर्यंत काम उरकून निघायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

घराचं काम राघोजी मेस्त्री बघत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूत, घरी अजून मराठीच बोलतात, निम्मी कन्नड मिसळून. मी त्यांना अण्णा म्हणायची. एकदा मागच्या दाराचा हिरवा रंग ते खरवडत होते, तर खालून पांढरी कन्नड अक्षरं निघाली.

"काय लिहिलंय हो अण्णा?"

"नाळे बा," ते हसून म्हणाले. "उद्या ये म्हणजे. आता अक्का, ह्याची गंमत अशी—"

तेवढ्यात बाहेर कौलांचा टेम्पो आला आणि ते धावले. गंमत राहिली ती राहिलीच. मी आपली समजले, आपल्याकडे खानावळीच्या दारावर 'पुन्हा या' लिहितात ना, तसलं काहीतरी. चांगली माणसं राहत होती म्हणायची या घरात! हे दोन शब्द मी पाठ करून ठेवले.

मी रोज दुपारी तीननंतर बागेत उतरायची. एके दिवशी गवत उपटता उपटता कंबर सरळ केली, तर गेटबाहेर एक म्हातारी बाई उभी. मोहरी रंगाचं सुती लुगडं, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. माझ्याकडे नाही, बागेकडे बघत होती. मग हात लांब करून एक जागा दाखवली आणि कन्नडमध्ये बरंच काही बोलली. मला ओ की ठो कळलं नाही. पण ती जागा मी उकरली. वीतभर खाली विटांची कड लागली, तिरप्या उभ्या लावलेल्या विटा. जुना वाफा!

मला इतका आनंद झाला की विचारू नका. ती निघाली. आपल्यात जाणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. म्हणून मीही मोठ्या रुबाबात म्हणाले, "नाळे बा!"

ती थबकली. माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग मान हलवून म्हणाली, "सरी." म्हणजे बरं, एवढं मला कळत होतं.

आणि दुसऱ्या दिवशी चारला आली. तिसऱ्या दिवशीही. जवळजवळ दोन महिने, रोज! गेटच्या आत कधी आली नाही, मीही आग्रह केला नाही. म्हटलं, असेल काही सोवळं-ओवळं. ती दाखवायची, मी उकरायची. सहा वाफे निघाले, विहिरीपासून निघालेला दगडी पाट निघाला. एका कोपऱ्यात मी कुदळ उगारली तर तिनं जोरात हात हलवून थांबवलं. तिथं पुढे गवतातून निशिगंध वर आला.

काम झालं की आम्ही बोलत बसायचो. ती गेटच्या बाहेर, मी आत पायरीवर. ती कन्नडमध्ये, मी मराठीत. कुणालाच काही कळत नव्हतं, आणि म्हणूनच असेल, मी तिला सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत आम्ही दोघांनी सलग दोन महिनेसुद्धा एकत्र काढले नाहीत, हे मुलीपुढे मी कधी बोलले नव्हते, ते तिच्यापुढे बोलले. रडलेसुद्धा. ती ऐकायची. उठताना मी "नाळे बा" म्हणायची, ती "सरी" म्हणायची. दिवाळीनंतर जायचं की नाही, याचा मी नव्यानं विचार करायला लागले होते.

मग मागच्या दाराला रंग द्यायची वेळ आली. मी म्हटलं, "अण्णा, ती अक्षरं राहू द्या. आल्यागेल्याला बरं वाटतं."

अण्णांचा हात थांबला. "आल्यागेल्याला? अक्का, ते पाहुण्यांसाठी नाय लिहिलेलं."

मग ती अर्धवट राहिलेली गंमत त्यांनी सांगितली. त्यांच्या तरुणपणी गावात अफवा उठली होती. कोणीतरी बाई दारावर येते, हाका मारते. दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारावर लिहून ठेवलं, उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. "रोज येती, रोज जाती. तशी फसवायची तिला."

मी हसले. म्हटलं, मग मी तर रोज एका बाईला तेच सांगते! आणि गेटवरच्या बाईचं सगळं सांगितलं. अण्णा हसले नाहीत.

"अक्का... रोज चारला तुम्ही गेटपाशी बोलता ते मी वरून, कौलांवरून बघतो की. मला वाटलं पोरीशी फोनवर बोलताय. हल्ली कानात ते बारकं घालून बोलतात ना, तसं."

"आणि ती बाई?"

"बोळात कोण नसतं, अक्का. वरून सगळा बोळ दिसतो मला." मग ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, "आणि मोठ्या बाईला 'बा' म्हणत होता होय? 'बा' म्हणजे नुसतं ये, 'या'ला 'बन्नी' म्हणायचं."

मी त्यांच्यावर भयंकर चिडले. नजर तपासून घ्या म्हणाले. पण त्यांनी दार घासून स्वच्छ केलं तेव्हा त्यांना थांबवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बागेतही उतरले नाही. मागचं दार लावून मधल्या खोलीत बसले. मुलीला फोन लावला आणि नुसता कानाला धरला. ती "आई, आई, काय झालं?" करत होती. बरोबर चारला गेटची कडी वाजली. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. मी उठले नाही. सत्तावीस वर्षं भूमिती शिकवलेली बाई, भिंतीला पाठ लावून बसली होती.

त्यानंतर ती आली नाही.

चौथ्या दिवसापासून मी पुन्हा बागेत बसू लागले. शेजारी विचारलं, मोहरी लुगड्याची, दोन चमक्यांची म्हातारी कुणाच्याच ओळखीची नाही. अण्णांना म्हटलं, ती अक्षरं दारावर परत काढून द्या. ते म्हणाले, "दुसरं काय पण सांगा, ते नाय." मग मीच फोनवर बघून बघून खडूनं काढली. कदाचित चुकली असतील.

ते वाफे कुठं आहेत हे तिला कसं माहीत, अण्णांना ती का दिसली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. एकटेपणात मन खेळ करतं, असं मुलगी म्हणते. करत असेल. पण मनाला विटा कुठं पुरल्यात हे कळतं का? मला एवढंच उमगतं की ती रोज यायची, कारण मी रोज तिला 'उद्या ये' म्हणायची. त्या दिवशी मी म्हटलं नाही.

दिवाळी होऊन गेली, मी इथंच आहे. मुलगी विचारते, "आई, त्या घरात तुला भीती नाही वाटत?"

वाटते. चारला गेटपाशी जाऊन बसते ना, तेव्हा रोज वाटते... आजही कोणी येणार नाही याची.